पेट्रोल-सीएनजी गाडीचे इंजिन मिसिंग करत असेल तर दोष कसा शोधावा आणि कसा दूर करावा

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असते. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन व्हावे लागते. म्हणजे एका मिनिटात एका सिलिंडरमध्ये ४०० वेळा आणि चारही सिलिंडर मिळून १,६०० वेळा हवा-इंधनाचे मिश्रण पेटायला हवे. यातले एखादे ज्वलन झालेच नाही किंवा अर्धवट झाले, तर त्या क्षणापुरता तो सिलिंडर काम करत नाही आणि उरलेल्या तिघांना त्याला ओढत न्यावे लागते. याला मिसफायर म्हणतात आणि गॅरेजमध्ये आपण ‘गाडी मिसिंग करते’ असे सांगतो. स्टिअरिंगला जाणवणारी थरथर, चढावर बसणारे झटके, गिअर बदलल्यावर कमी झालेला पिकअप आणि सायलेन्सरमधून येणारा तुटक फटफट आवाज ही त्याची लक्षणे होत.

या दोषावर बहुतेक वेळा जो खर्च होतो, तो दुरुस्तीपेक्षा अंदाजांवर होतो. आधी प्लग (ठिणगी पाडणारा भाग) बदलायचे, फरक पडला नाही तर कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारी), मग इंजेक्टर (इंधन फवारणारा), असे करत दहा-पंधरा हजार रुपये गेल्यावर कळते की दोष हवेच्या एका फाटक्या नळीत होता. वास्तविक मिश्रण पेटण्यासाठी तीनच गोष्टी लागतात: वेळेवर आणि पुरेशी ठिणगी, हवा व इंधन यांचे योग्य प्रमाण, आणि सिलिंडरमधला पुरेसा दाब. कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी या तिघांपैकी काय कमी पडते आहे आणि कोणत्या सिलिंडरमध्ये, हे दोन प्रश्न सोडवणे हेच खरे काम आहे. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक चाचण्यांना पैसे पडत नाहीत, फक्त त्या क्रमाने आणि एका वेळी एकच बदल करून कराव्या लागतात. पुढचे विवेचन प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या, इंजेक्टरवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे आहे. आपल्याकडे अशा असंख्य गाड्या सीएनजीवरही चालत असल्यामुळे त्यांचा विचार सोबतच केला आहे.

दिवा लुकलुकत असेल तर

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा लुकलुकू लागला तर अर्थ वेगळा असतो. मिसफायर इतका वाढलेला असतो की न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या जाळीदार भागात) पेटते आणि कन्व्हर्टर तापून आतून वितळण्याची शक्यता निर्माण होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. प्लग किंवा कॉइल यांच्या तुलनेत कन्व्हर्टर कितीतरी महाग असतो, म्हणून ‘एवढा घाट उतरून मग बघू’ हा विचार येथे करू नये. कन्व्हर्टर तापलेला असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करणेही धोक्याचे आहे.

आधी स्कॅनर, नंतर पाना

स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या कडेला सोळा पिनांचे ओबीडीचे (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचण्याचे) सॉकेट असते. त्यात बसणारे आणि ब्लूटूथने मोबाइलवर माहिती दाखवणारे छोटे उपकरण, म्हणजेच स्कॅनर, स्वस्तात मिळते आणि या कामाला ते पुरते. इंजिनचा संगणक क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून फेऱ्यांचा वेग अखंड मोजत असतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की तेवढ्यापुरता वेग किंचित घटतो आणि तो कोणाच्या पाळीला घटला यावरून दोषी सिलिंडर ओळखून त्याचा कोड नोंदवला जातो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, याप्रमाणे पी०३०४ पर्यंत. पी०३०० हा कोड मात्र मिसफायर एका जागी नसून इकडेतिकडे फिरतो आहे असे सांगतो. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूचा असतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून खात्री करून घ्यावी.

हा भेद फार उपयोगाचा आहे. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या वस्तूंत, म्हणजे त्याच्या प्लगमध्ये, कॉइलमध्ये, इंजेक्टरमध्ये, वायरिंगमध्ये किंवा वाल्वमध्ये (झडपेत) शोधावा. पी०३०० असेल तर सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे इंधनाचा दाब, पेट्रोलची प्रत, हवेची गळती, एकदमच झिजलेले चारही प्लग यांच्याकडे वळावे. पी०१७१ सोबत असेल तर मिश्रणात इंधन कमी पडते आहे, पी०१७२ असेल तर ते जास्त होते आहे. पी०३५१ ते पी०३५४ हे कॉइलच्या विद्युत मंडलाचे आणि पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या मंडलाचे कोड आहेत. हे दिसले तर प्रथम कप्लर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) आणि वायरी पाहाव्यात, कारण बॉनेटखाली रात्री उबेला येणारे उंदीर नेमक्या याच बारीक वायरी कुरतडतात.

कोड लगेच पुसून टाकण्याची घाई करू नये. कोडसोबत संगणकाने त्या क्षणाची नोंदही ठेवलेली असते: इंजिन थंड होते की गरम, फेरे किती होते, भार किती होता. गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी या नोंदीचा फोटो काढून ठेवावा. कारण कोड पुसला की हा पुरावाही जातो, आणि मेकॅनिकला केवळ ‘कधीकधी झटके देते’ एवढेच ऐकायला मिळते.

सीएनजीच्या गाडीत हाताशी असलेली चाचणी

ज्यांच्या गाडीत दोन्ही इंधने आहेत, त्यांच्याकडे निदानाचे एक उत्तम साधन आयतेच असते, तरी ते क्वचित वापरले जाते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तोच चढ एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर चढून पाहावा. दोन्हींवर सारखाच झटका बसत असेल तर इंधनपुरवठा बाजूला ठेवून प्लग, कॉइल आणि दाब यांच्याकडे जावे. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, पंप किंवा टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल यांचा संशय घ्यावा. कायम सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हा प्रकार नेहमीचा आहे.

फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर मात्र ‘गॅस किट बिघडले’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. सीएनजी आणि हवा यांचे मिश्रण पेटवण्यासाठी प्लगच्या टोकांमधून उडी मारायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ही गरज आणखी वाढते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा दुबळी झालेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते, सपाट रस्त्यावर सीएनजीवरही निभावते आणि खंबाटकीच्या चढावर मात्र उघडी पडते. म्हणून केवळ सीएनजीवर होणाऱ्या मिसिंगमध्येही मी प्रथम प्लग आणि कॉइल तपासण्याचाच आग्रह धरीन. ते निर्दोष ठरल्यावर गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर आणि रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) यांची पाळी येते. सीएनजीच्या टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो, त्यामुळे गॅसची कोणतीही नळी किंवा जोड घरी उघडू नये. ते काम अधिकृत केंद्राकडेच द्यावे.

प्लग आणि कॉइल

मिसफायरचा सर्वाधिक संभव येथेच असल्यामुळे या भागाला वेळ द्यावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधून (सिलिंडरांवर बसणाऱ्या, प्लग व वाल्व असलेल्या भागातून) गरम अवस्थेत प्लग काढताना आटे निघून येऊ शकतात. बॅटरीची ऋण तार सोडवावी. कॉइलचा कप्लर त्याची खिट्टी दाबून काढावा, वायर ओढून नव्हे. दहा नंबरच्या पान्याने कॉइलचा बोल्ट सोडवावा आणि कॉइल थोडी फिरवत सरळ वर उचलावी. प्लग सोडवण्याआधी त्या खोलगट विहिरीत दाबाची हवा मारून धूळ बाहेर काढावी. नाहीतर प्लग निघताच ती धूळ थेट सिलिंडरमध्ये पडते.

विहिरीत काय सापडते यावरून पुष्कळ काही समजते. इंजिन ऑइल साचलेले असेल तर वाल्व कव्हरच्या गॅस्केटमधील त्या विहिरीचे सील गळते आहे. या तेलाने कॉइलचे रबर फुगते, मऊ पडते आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूने हेडच्या धातूत उतरते. अशा वेळी सील न बदलता नुसती नवी कॉइल बसवली तर काही महिन्यांत तीही जाते. पाणी किंवा गंजाचे डाग दिसले तर वायपरखालच्या पट्टीतून पावसाचे पाणी इंजिनावर ठिबकते आहे किंवा वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून जोराचा फवारा मारलेला आहे. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये अचानक सुरू होणाऱ्या मिसिंगमागे हे कारण वारंवार असते. पाणी हवेने उडवून, रबर पुसून कोरडे करून आणि त्याच्या आतल्या कडेला कॉइलसाठी मिळणारे सिलिकोनचे ग्रीस अगदी पातळ लावून गाडी चालवून पाहावी.

आता प्लग स्वच्छ उजेडात, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लिहून, ओळीने मांडावेत. टोकाला फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी जास्त इंधनाची किंवा दुबळ्या ठिणगीची खूण आहे. ओला, तेलकट काळा थर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा वाल्वच्या सीलमधून इंजिन ऑइल आत येते आहे. पांढरे पडलेले, फोड आल्यासारखे टोक इंधन कमी पडत असल्याचे किंवा सिलिंडर फाजील तापत असल्याचे सांगते. पेट्रोलने ओला झालेला प्लग असेल तर इंधन येते आहे पण पेटत नाही, आणि मग इंजेक्टर बंद पडल्याचा संशय उरत नाही, तो गळत असण्याची शक्यता तेवढी राहते. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी तेथून बाहेर पळते आहे. अशीच रेघ कॉइलच्या रबराच्या आतही उमटलेली असते, आणि म्हणून त्या वेळी प्लग व रबर दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलला तर जुनी रेघ नव्या वस्तूलाही तीच वाट दाखवते.

प्लगच्या दोन टोकांमधले अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण खरा आकडा पुस्तिकेतलाच मानावा. सीएनजीच्या गाडीसाठी कंपनीने वेगळा प्लग सुचवला असेल तर तोच घ्यावा. प्लग पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. साध्या निकेलच्या प्लगला ती तात्पुरती चालून जाते, परंतु इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगचे टोक इतके बारीक असते की घासल्याने ते निकामी होते. बाजारात नकली प्लगही मिळतात, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत.

आता कॉइलची चाचणी. समजा कोड पी०३०१ आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवावी. बाकी काहीही हलवू नये. कोड पुसून, झटके जेथे बसत होते तशाच परिस्थितीत गाडी चालवावी. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे ती कॉइल खराब आहे. पी०३०१ च कायम राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग हीच अदलाबदल प्लगची करावी. एकाच वेळी कॉइल आणि प्लग दोन्ही हलवण्याचा मोह टाळावा, कारण मग कोड सरकला तरी कोणामुळे सरकला हे सांगता येत नाही. जुन्या काही गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, बहुधा पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोडीने. तेथे जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदम मिसिंग करत असतील तर कॉइलकडे आणि एकच करत असेल तर त्याच्या प्लगकडे व प्लगच्या वायरकडे पाहावे.

चालू इंजिनाची प्लग-वायर हाताने उपटून ‘कोणता सिलिंडर मेला’ हे पाहण्याची युक्ती आता सोडून द्यावी. तेथे वीस-तीस हजार व्होल्टचा दाब असतो. माणसाला झटका बसतो, संगणकाला इजा होऊ शकते आणि त्या सिलिंडरचे सगळे पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जाते. त्याऐवजी इंजेक्टरचा कप्लर काढावा. इंधनच थांबल्यामुळे कन्व्हर्टरला त्रास होत नाही. ज्या सिलिंडरचा कप्लर काढल्यावर इंजिनाचा आवाज मुळीच बदलत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता.

नवा प्लग बसवताना त्याच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून आधी हातानेच फिरवत न्यावा. आटे तिरके बसत असतील तर नळी निसटते आणि हेड वाचते. १४ मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर एवढाच आवळ पुरतो. टॉर्क पाना नसेल आणि प्लग वॉशरचा असेल, तर हाताने टेकल्यानंतर पान्याने सुमारे अर्धा ते पाऊण फेरा द्यावा.

इंधन आणि हवा

ठिणगी चांगली असूनही सिलिंडर पेटत नसेल तर इंजेक्टर पाहावा. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाला लावून, पंखा व बेल्ट यांच्यापासून अंतर राखून ऐकले तर प्रत्येक इंजेक्टरची नियमित टिकटिक ऐकू येते. एखादा गप्प असेल तर इंजिन बंद करून, कप्लर काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. साध्या इंजेक्टरमध्ये तो बहुधा ११ ते १६ ओहम असतो आणि चारही इंजेक्टरचे आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. टिकटिक आहे, रोध ठीक आहे, तरी मिसिंग त्याच सिलिंडरला असेल तर इंजेक्टर चोंदलेला असू शकतो. तो काढून यंत्रावर फवारा तपासून स्वच्छ करून घेणे हाच खात्रीचा उपाय आहे. टाकीत ओतायच्या औषधाने हलका थर निघतो, पूर्ण चोंदलेला इंजेक्टर सहसा उघडत नाही. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत दाब फार मोठा असतो, त्यांची इंधनाची नळी घरी मुळीच उघडू नये.

पेट्रोल भरल्यावर लगेच चारही सिलिंडर अडखळू लागले तर पेट्रोलमध्ये पाणी असण्याची शंका घ्यावी. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते आणि प्रमाणाबाहेर पाणी झाले की इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसतो, जेथून पंप इंधन उचलतो. थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवले की थर दिसतो. तसा दिसल्यास टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

हवेची गळती ओळखण्यासाठी स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम पाहावा. संगणक ठरलेल्या प्रमाणात किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देतो आहे हे त्यातून कळते. तो अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन चालू असताना) तो अधिक वीस-पंचवीस टक्के असून २,५०० फेऱ्यांवर उतरत असेल, तर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) कोठूनतरी मोजमापाबाहेरची हवा शिरते आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि भार पडल्यावर वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा इंधनाचा दाब कमी पडतो आहे. गळती शोधताना ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या तळातले वायू परत आत ओढणारी) नळी आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट यांवर साबणाचे पाणी थोडे थोडे फवारावे आणि विजेचे कप्लर कोरडे ठेवावेत. जेथे पाणी पडताच आयडलिंग बदलते तेथे फट आहे. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून हीच चाचणी करतात, पण तो ज्वलनशील असतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून मी ती पद्धत सुचवत नाही.

दाब

अदलाबदल करून प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळे निर्दोष ठरले आणि कोड त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. चार्ज केलेली बॅटरी, गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, कॉइल व इंजेक्टरचे कप्लर सोडवलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरला गेज लावून चार-पाच दणके येईपर्यंत स्टार्टर मारावा. हेड गरम असताना प्लग काढावे लागत असल्यामुळे ते हळूहळू, मागेपुढे करत सोडवावेत. साधारण १५० ते २०० पीएसआय दाब यायला हवा, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर वाल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असेल आणि कूलंटही घटत असेल तर गॅस्केटची शक्यता बळावते.

सीएनजीच्या गाडीत येथे टॅपेटची (वाल्वला ढकलणाऱ्या भागाच्या अंतराची) तपासणी विसरू नये. पेट्रोलमुळे वाल्वच्या सीटला जो थोडा थंडावा मिळतो, तो कोरड्या गॅसमुळे मिळत नाही. सीट झिजते, वाल्व वर सरकतो, टॅपेटचे अंतर संपते आणि वाल्व पूर्ण बंद होईनासा होतो. ही अवस्था लवकर लक्षात आली तर टॅपेट सेटिंगवर काम भागते. उशीर झाला तर वाल्व जळतो आणि हेड उतरवावे लागते. हेड उतरवायचेच झाले तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशनचे चारही आकडे आधी लिहून घ्यावेत, आणि काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा मागावेत.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून इंजिन थंड असताना सुरू करावे, पूर्ण गरम होऊ द्यावे, मग सपाट रस्ता, गर्दीतले थांबत-चालत जाणे आणि एक चढ असा प्रवास करावा. सीएनजी असेल तर दोन्ही इंधनांवर. दिवा पेटला नाही एवढ्यावर समाधान मानू नये. स्कॅनरमध्ये प्रलंबित (नोंदले गेलेले पण अजून दिवा न पेटवलेले) कोड पाहावेत आणि फ्युएल ट्रिम दहा टक्क्यांच्या आत आला का ते तपासावे. मिसिंग थांबूनही गाडी वेगात दबल्यासारखी चालत असेल, तर दोष दूर होण्याआधीच कन्व्हर्टरची जाळी वितळून वाट अडलेली असू शकते. त्यासाठी एक्झॉस्टमधला मागचा दाब गॅरेजमध्ये मोजून घ्यावा.